आकडा खाली येईपर्यंत

पुण्यातील पावसाळी शर्यतींचा हंगाम ऐन भरात असताना तीन वर्षांची, साधारण 450 किलो वजनाची एक घोडी आमच्याकडे आली. धावताना तिच्या घशातून करवतीसारखा आवाज येत असे, कारण स्वरयंत्राची डावी बाजू लुळी पडली होती. त्या बाजूचा स्वरपट्टा आणि त्यालगतची पिशवी लेझरने काढायची होती.

ही शस्त्रक्रिया बहुधा गुंगीचे औषध देऊन, घोडा उभा असतानाच करतात, आणि भूलतज्ज्ञ म्हणून मलाही तेच बरे वाटते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पोटशूळाचे रुग्ण वगळले तरी, शंभरात जवळपास एक घोडा भुलीनंतर सात दिवसांत दगावल्याचे आढळले होते. पण नाकात दुर्बीण शिरताच ही घोडी मागच्या पायांवर उभी राहिली, आणि दुसऱ्या खेपेला तर तिने मोतद्दाराला भिंतीशी दाबले. तिला पूर्ण भूल देऊन आडवे करण्यावाचून इलाज उरला नाही.

शिकत असताना आमच्या शिक्षकांनी, भुलीत श्वासासाठी घशात घालतात तसल्या एका जुन्या नळीचा तुकडा अंगणात विटेवर ठेवून त्यातून शुद्ध ऑक्सिजन सोडला होता आणि लेझरचे टोक त्याला टेकवले होते. क्षणात नळीच्या तोंडातून गॅसच्या शेगडीसारखी सरळ ज्योत निघाली. तेव्हापासून लेझर म्हटले की माझे पहिले लक्ष ऑक्सिजनच्या प्रमाणाकडे जाते, आणि ते 30 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय मी लेझर चालवू देत नाही. अडचण अशी की आडव्या झालेल्या घोड्याची खालची फुप्फुसे स्वतःच्याच वजनाने दबतात, त्यामुळे त्याला ऑक्सिजन नेमका जास्त लागतो.

श्वासाची नळी तोंडातून न घालता मानेतल्या छेदातून श्वासनलिकेत बसवली, म्हणजे स्वरयंत्र मोकळे राहिले. नळीचा फुगा हवेऐवजी निळा रंग मिसळलेल्या सलाईनने भरला. तो फुटला तर निळे पाणी लगेच दिसते. त्याच्या वर ओले गॉज ठेवून त्याचे टोक बाहेर बांधले. डोळ्यांवर ओले टॉवेल घातले. आग लागलीच तर ऑक्सिजन कोण बंद करील, नळी कोण उपसील आणि सलाईनची पिचकारी कोण मारील, हे मी नावे घेऊन सांगितले.

मग दर मिनिटाला ऑक्सिजन 2 लिटर आणि हवा 8 लिटर असे प्रवाह लावले. चार मिनिटांनी शल्यचिकित्सकांनी चष्मा चढवला आणि पाय पेडलवर नेला. मी मॉनिटरकडे पाहिले; आत जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन अजून 54 टक्के होता. मी जवळजवळ ओरडलेच, "सर, थांबा!"

खरे तर दोष माझाच होता. घोड्यांच्या भूलयंत्राची पिशवी आणि नळ्या मिळून चाळीसेक लिटर वायू सामावतात, त्यामुळे बाहेरचा प्रवाह बदलला तरी आतला वायू सावकाश बदलतो. शिवाय घोडी दर मिनिटाला एक-दीड लिटर ऑक्सिजन स्वतः वापरते, म्हणून शेवटी स्थिरावणारे प्रमाणही प्रवाहांच्या साध्या बेरजेतून निघत नाही. मी पिशवी रिकामी करून हवेने भरली, पुन्हा रिकामी केली, आणि आकडा 27 वर आल्यावरच मान हलवली.

त्यानंतरचा तास आलटूनपालटून गेला. दोन-तीन मिनिटे लेझर आणि धूर ओढणारी नळी चाले. मग रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या जिभेवरच्या चिमट्याचा आकडा 86 टक्क्यांपर्यंत घसरला की काम थांबवून वायूतला ऑक्सिजन वाढवायचा, चिमट्याचा आकडा 95 वर गेला की वायूतला ऑक्सिजन पुन्हा खाली आणायचा आणि वाट पाहायची. शल्यचिकित्सक वैतागले होते, पण त्यांनी एकदाही घाई केली नाही, याचे मला आजही कौतुक वाटते.

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो आणि घसा सुजलेला होता, म्हणून मानेतली नळी तशीच ठेवून तिला गाद्या लावलेल्या खोलीत नेले. डोके आणि शेपटीचे दोर धरून आम्ही उभे होतो. पाऊण तासाने ती दुसऱ्या प्रयत्नात उठली.

नंतर ट्रेमधले गॉज उलगडून पाहिले, तर एका कडेला तिळाएवढा तपकिरी डाग पडला होता. मी केसपेपरवर 54 आणि 27 हे दोन्ही आकडे वेळेसह लिहिले आणि तो गॉजचा तुकडा चिकटपट्टीने शेजारी डकवला.