गवत विकत घेणारी बाई

आमच्या दारात, फूटपाथला लागून जो पट्टा आहे, तिथं लॉन नाही. तिथं प्रेअरी ड्रॉपसीड नावाचं इथलं मूळचं गवत लावलंय. गल्लीत असं आमचं एकच घर, त्यामुळे गणपतीला घरी आलेली मंडळी हमखास विचारतात, "हे गवत मुद्दाम ठेवलंय का?" हो, मुद्दाम. आणि पैसे देऊन.

शिकागोच्या पश्चिमेला, जिथं आता आमची घरं आणि पार्किंग लॉट आहेत, तिथं पूर्वी प्रेअरी होती, म्हणजे गवताचं अफाट माळरान. आमच्या इलिनॉय राज्यात सुमारे २.२ कोटी एकर. १८३७ मध्ये जॉन डियरनं याच राज्यात पोलादी फाळाचा नांगर बनवला. चिकट काळी माती त्या फाळाला धरून बसेना, आणि मग मका-सोयाबीनला रान मोकळं झालं. चांगल्या अवस्थेतली मूळ प्रेअरी आज दहा हजारातला एक भागसुद्धा उरलेली नाही. जी उरली ती जुन्या दफनभूमींत, रेल्वेरुळांच्या कडेला, जिथं नांगर पोचला नाही तिथं. आणि आपण ज्याला इमानेइतबारे पाणी पाजतो ते लॉनचं केंटकी ब्लूग्रास मूळचं युरोपातलं!

तर लावायचं कसं. बियांच्या नादी लागू नका. बी आधी थंडीत, ओलीत ठेवावं लागतं, उगवतं कमी, आणि त्यातून भरदार ठोंब व्हायला तीन ते पाच वर्षं जातात. स्थानिक झाडांच्या नर्सरीत छोटी रोपं मिळतात, ती मे महिन्यात दीड-दीड फुटावर लावावीत. सुरुवातीला रोप म्हणजे चार केस वाटतात, शेजारी दया येऊन बघतात. बघू द्यावं. ते मुळांत गुंतलेलं असतं. पहिल्या उन्हाळ्यात पाणी आणि खुरपणी ही दोनच कामं. खुरपणी जरा डोळे उघडे ठेवून, कारण लहानपणी हे आणि तण सारखंच दिसतं.

नंतर मात्र खत नको आणि रोजचं पाणीही नको. जास्त लाड केले की ठोंब मधून फाकतो आणि लोळतो. दिवसभर ऊन हवं. आमच्याकडची चिकणमाती त्याला चालते, फक्त पाणी साचून राहायला नको. हरळीसारखं ते पळत नाही, इकडंतिकडं फारसं उगवतही नाही. केसांसारखी बारीक पानं, दीड-दोन फुटांचा गोल झुबका, जागच्या जागी.

ऑगस्टमध्ये त्याला तुरे येतात, तीन फुटांपर्यंत, इतके विरळ की उन्हाच्या विरुद्ध बाजूनं पाहिलं तरच दिसतात. आणि वास! इथले लोक म्हणतात बटर घातलेल्या पॉपकॉर्नचा. आई एका वर्षी बार्शीहून आली होती. जन्मभर ज्वारीतलं गवत काढलेली बाई. मी गवत विकत घेतलं म्हटल्यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी विषयच बदलला. एका संध्याकाळी पायरीवर बसली असताना म्हणाली, "अगं, गॅसवर धणे ठेवलेत का? जळतील की." मी तिला तुऱ्यापाशी नेलं. तिनं हुंगलं, तुरा बोटांनी चोळून पाहिला आणि म्हणाली, "जनावरं खातात का?" खायची, इथले गवे म्हणजे बायसन खायचे म्हटल्यावर तिचा आक्षेप जरा सौम्य झाला. माझ्या नवऱ्याला हा वास अजिबात आवडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. खिडकीखाली लावण्याआधी कुठंतरी वास घेऊन या.

सप्टेंबर सरता सरता गोल, टणक बिया टपाटपा खाली पडतात. चिमण्यांसारखे बारके पक्षी त्या वेचतात. सपाट मैदानी मुलखातल्या मूळ रहिवाशांच्या काही जमाती या बियांचं पीठ करायच्या. एवढ्याशा बिया दळायच्या म्हणजे काय काम असेल!

ऑक्टोबरात सगळं तांबूस-सोनेरी होतं आणि लोकांचे हात कापायला शिवशिवतात. कापू नका. बर्फात ते तसंच उभं चांगलं दिसतं. मार्चमध्ये, नवे कोंब यायच्या आत, जमिनीपासून तीन इंचांवर विळ्यानं कापावं. मी चक्क विळाच वापरते, सोलापूरहून आणलेला. खरी प्रेअरी यासाठी जाळतात आणि जळल्यानंतर हे गवत जोमानं फुलतं. पण दारात जाळ करायला कोण देणार? कापल्यावर मे उजाडेपर्यंत फारशी हालचाल नसते. हे उन्हाळी गवत आहे, मेलं समजून उपटू नका.

मोठ्या दुकानांत हौशीनं विकलं जातं ते मिस्कँथस नावाचं शोभेचं गवत. चटकन वाढतं, दिसतंही झोकात. पण ते पूर्व आशियातलं, आणि त्याच्या बिया वाऱ्यावर उडून रस्त्याकडेच्या रानात घुसतात. मी ते कुणालाही सुचवत नाही.

वास घ्यायचा असेल तर ऑगस्ट-अखेरीस शिकागोत मिलेनियम पार्कमधल्या लूरी गार्डनमध्ये जा, तिकीट नाही. गाडी काढणारच असाल तर लाइल गावच्या मॉर्टन अर्बोरेटम या वृक्षोद्यानातली शूलेनबर्ग प्रेअरी बघा. तिची लागवड १९६२ मध्ये सुरू झाली. तिथं हे गवत बिग ब्लूस्टेम हे उंच गवत आणि ब्लेझिंग स्टारची जांभळी फुलं यांच्या संगतीत दिसतं. रोपं घ्यायची तर नर्सरीत वसंतातच विचारा, जूनमध्ये बहुतेक संपलेली असतात.