आमची वाटचाल : जुनी एमटीबी, हिवाळ्याचा रोड अन् स्पीकरचं चुंबक

बाबांनी १९८७ साली बैतूल रोडला, बहिरमच्या अलीकडे टिनाच्या शेडमधे दुकान टाकलं. तेव्हा तासाच्या भाड्यानं सायकली द्यायच्या अन् पंक्चर काढायचे, बस. दुकान चाललं, बहिणींची लग्नं झाली, मी दहावीनंतर पान्याला लागलो, ते सगळं सांगत बसत नाही. आमचं खरं काम, म्हणजे जुनी एमटीबी (जाड दाण्याच्या टायरची माउंटन बाइक) रोडसाठी बदलून द्यायचं, सुरू झालं २०१४ च्या डिसेंबरात, सर त्यांच्या पोराची जुनी रेंजर एमटीबी ढकलत घेऊन आले तेव्हा.

सर म्हणजे जिल्हा परिषद शाळेतले आमचे गुरुजी, रिटायर झालेले. म्हणाले, "बाबू, मले रोज सकायी बहिरमले जाऊन वापस याचं आहे. नवी नाही घेत. हेच सायकल रोडवर पळाली पाह्यजे अन् गुडघे नाही दुखले पाह्यजे."

आता आमच्याकडचा हिवाळा ज्याला माहीत आहे त्याला समजेल हे सोपं नाही. पहाटे दव इतकं पडते की रोड ओला दिसते, धुई आली तर दहा हातावरचं दिसत नाही, ओलिताच्या वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकाची काळी माती डांबरावर थापलेली असते, अन् कापसाच्या ट्रॉलीला मागचा लाइट कधीच नसते. त्यात बहिरमची यात्रा, महिनाभर जास्तच गर्दी.

तीन दिवस लागले मला त्या एका सायकलीला. पहिले २.१० इंची दाण्याचे टायर काढले, ते डांबरावर नुसते घुंघुं करतात अन् जोर खातात. २६ × १.५० चे साधे सपाट टायर टाकले. शॉकरवाला फोर्क काढला, पायडल मारलं की तो खाली बसायचा अन् वजन फुकटचं. साधा फोर्क टाकला, पण उंची मापून, कारण आखूड फोर्क लावला की सायकलीचं तोंड खाली जाते अन् हँडल चळचळ करते. लोखंडी रिम फेकल्या, ३६ होलच्या अलॉय रिम आरे भरून बांधल्या. हे महत्त्वाचं आहे, समजून घ्या. क्रोमची लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक शू नुसता घसरते, चाक थांबतच नाही. अलॉयवर पकडते. डिसेंबरच्या दवात हा फरक हाडं मोडण्याचा अन् न मोडण्याचा आहे.

फ्रीव्हील रॉकेलमधे धुतलं, आतली कुत्री (चाकाला एकाच बाजूनं पकडणारे छोटे दाते) जुन्या ग्रीसमधे चिकटली होती, तिथं पातळ ऑइल सोडलं. लांब मडगार्ड, मागच्या मडगार्डला लाल रेडियम, पुढं चार्जिंगचा लाइट. डायनामो नाही लावला, ओल्या टायरवर तो घसरते. ट्यूबच्या वर जुन्या ट्यूबची पट्टी टाकली, बाभळीच्या काट्यासाठी. पायडलजवळचं चेनव्हील ४२ दातांचंच ठेवलं. लोक म्हणतात ४८ पाहिजे, पण मागं १४ दात असले तर ४२ नं एका फेऱ्यात जवळपास सहा मीटर जाते, मिनिटाला ८० फेरे मारले तर तासाला २८ किलोमीटरचा स्पीड झाला. कोणाला पाहिजे याहून जास्त, धुईत?

चाकाचा शेवटचा आऊट (डोल) काढला तो मला अजून आठवते. पहाटे साडेपाच, शेकोटी दुकानासमोर, सर शालीत हात घालून उभे. मी चाक फिरवून अंगठ्याचं नख रिमला लावलं, एका जागी टिक वाजलं, त्या जागचा आरा पाव फेरा कसला, पुन्हा फिरवलं. टिक गेलं. सर काहीच नाही बोलले, बसले अन् निघाले. साडेसातला वापस आले तेव्हा मिशीवर दव होतं.

मग दरवर्षी दहा-पंधरा सायकली येत गेल्या. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता त्या आठवड्यातही सरांनी खंड पाडला नाही. गावातल्या दोन पोट्ट्यांनी आमच्याच केलेल्या एमटीबीवर नागपूरची २०० किलोमीटरची बीआरएम (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब सायकल फेरी) साडेतेरा तासाच्या आत मारली. बाबा हे पाहून गेले, त्याचं समाधान आहे.

अन् मग २०२०. लॉकडाऊन उठला अन् सायकलीची अशी मागणी आली की होलसेलवाला फोन उचलेना. मी पतसंस्थेतून कर्ज काढून ७० टायर मागवले. माल आला, गोणी फोडली, अन् माझे हातपायच गळाले. २६ × १ ३/८! माझी ऑर्डर २६ × १.५० ची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन्हीवर २६ लिहिलं असलं तरी अपूर्णांकवाला टायर ५९० मिलिमीटरच्या रिमचा असते अन् दशांशवाला ५५९ च्या. तीन सेंटिमीटर फरक! बसूच शकत नाही. होलसेलवाला म्हणे, "तुम्ही २६ बोललात, २६ पाठवले," अन् माल वापस घेतला नाही. म्हणून सांगतो, फोनवर ऑर्डर देऊ नका, टायरच्या बाजूवर छापलेला पूर्ण नंबर लिहून पाठवा.

तेवढ्यात तालुक्यातल्या एका शोरूमवाल्यानं आमचं पाहून तेच काम सुरू केलं. बोर्डही तसाच, 'जुनी सायकल द्या, रोड सायकल घ्या', अन् आमच्यापेक्षा नऊशे रुपयानं कमी. कमी कसं, तर टायर बदलायचे, फवारा मारायचा अन् लोखंडी रिम तशीच. २०२१ च्या जानेवारीत त्याच्याकडून केलेली एक सायकल चिखलदऱ्याच्या घाटात उतरताना थांबली नाही, पोरगा पडला, मनगट मोडलं. अन् बातमी काय पसरली? बहिरम रोडवाल्याची सायकल! मी ती सायकल कधी पाहिलीही नव्हती. त्या शोरूममधूनच हे बोललं जात होतं हे मला तीन जणांनी सांगितलं. फेब्रुवारी ते मे चार महिने एक एमटीबी दुकानात आली नाही. हप्ता बायकोच्या बांगड्यांवर भरला. हे मी विसरलो नाही अन् विसरणारही नाही.

सरांनी काय केलं, ते पडलेल्या पोराच्या घरी गेले, त्याच्या बापाला समजावून सायकल टेम्पोत टाकून आमच्या दुकानासमोर आणली, तीही रविवारी, बाजाराच्या गर्दीत. जुन्या स्पीकरचं चुंबक खिशातून काढलं अन् त्या रिमला लावलं. खट्ट करून चिकटलं. मग स्वतःच्या सायकलीच्या रिमला लावलं, पडलं खाली. मग दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येक सायकलीच्या रिमला एकेक करून लावलं. "पाय रे बाप्पा, याच्या दुकानात एकालेही चिकटते का," एवढंच म्हणाले. पोराच्या बापानं तीच सायकल माझ्याकडे नव्या रिमसाठी सोडली. शोरूमवाला आजपर्यंत एक शब्द बोलला नाही, माफीचा तर सोडाच.

ते ७० टायर पोरींच्या लेडीज सायकलींना गेले, त्यांना १ ३/८ च लागते. दोन वर्षं लागली विकायला, पण एकही भंगारात टाकला नाही.

आता वर्षाला चाळीसेक एमटीबी होतात. जुनी घ्यायला जाल तर फ्रेमच्या बीबीखाली (पायडलचा दांडा फिरते त्या नळीखाली) गंज अन् तडा पाहून घ्या, रंगावर जाऊ नका, अन् खिशात चुंबक ठेवा. सपाट टायरमधे ५० पीएसआयच्या वर हवा जुन्या रिमला नका भरू. चेन आठवड्यातून एकदा पुसून मगच ऑइल टाका. सर ७४ चे झाले, त्यांची तिसरी चेन मी मागच्या मंगळवारी टाकली, पैसे घेतो, ते फुकट घेत नाहीत. चुंबक आमच्याकडेच आहे, पान्यांच्या बोर्डावर खिळ्याला चिकटलेलं. दिवाळीनंतर लय गर्दी होते, सायकल दसऱ्यालाच आणून टाका.