वाटाण्याएवढी फोड

आपल्याकडे लग्नाच्या बुफेत काचेच्या भांड्यात पांढरंशुभ्र, गोडसर, अननसाचे तुकडे घातलेलं काहीतरी असतं. पुढे पाटी: रशियन सॅलड. मी ते वर्षानुवर्षं पुरीबरोबर खाल्लंय, तेही आवडीने. मॉस्कोत शिकायला गेले तेव्हा मोठ्या उत्साहाने घरमालकीणबाईंना विचारलं, "तुमचं ते रशियन सॅलड तुम्ही कधी करता?" त्यांना काही उमगेना. बटाटा, वाटाणा, मेयोनीज असं एकेक सांगत गेले, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उजळला. "अगं, अलिव्ये म्हण की!"

अलिव्ये हे आडनाव. 1860च्या दशकात मॉस्कोच्या त्रुब्नाया चौकात 'एर्मिताज' नावाचं बडं रेस्टॉरंट होतं. ऑलिव्हिए हे तिथले मुख्य स्वयंपाकी. रशियन जिभेवर त्याचं झालं अलिव्ये. त्यांच्या सॅलडमध्ये रानपक्ष्याचं मांस, वासराची जीभ, नदीतले झिंगे असा राजेशाही थाट असायचा. वर घालायच्या सॉसची कृती म्हणे त्यांनी कुणालाच सांगितली नाही. 1883 साली ते वारले, पुढे क्रांती झाली, रेस्टॉरंट बंद पडलं. सोव्हिएत स्वयंपाकघरात पक्ष्याच्या जागी उकडलेलं सॉसेज आलं. झिंग्यांचा केशरी रंग गाजराने भरून काढला, असं गमतीने म्हणतात. मला विचाराल तर गाजर काही वाईट नाही.

31 डिसेंबरला सकाळीच बाईंनी मला चिरायला बसवलं. बटाटे सालासकट उकडून गार केलेले. सालासकट उकडलेल्या बटाट्याला रशियनमध्ये 'गणवेशातला बटाटा' म्हणतात. तो गणवेश उतरवायचा आणि चिरायचं. मी आपली बटाट्याच्या भाजीला चिरते तशा फोडी केल्या. बाईंनी डब्यातला एक वाटाणा उचलून माझ्या फोडीशेजारी ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. मी सगळे बटाटे पुन्हा चिरले. मग गाजर, अंडी आणि खारवलेली काकडी. तिचा वास आला आणि मी चमकले. शेपू! आमच्या घरी ज्या भाजीवरून दरवेळी दोन तट पडतात, तो शेपू इथे काकडीच्या बरणीत मुरत बसलेला. सगळा मऊ मामला तीच काकडी सावरते. ती नसेल तर नुसता मेयोनीजमधला बटाटा.

वाटाण्याच्या डब्याचं बाईंना भारी कौतुक. त्यांच्या तरुणपणी हंगेरीहून येणारे 'ग्लोबस'चे डबे सहजासहजी मिळत नसत. कुठे दिसला की घ्यायचा आणि कपाटात मागे सरकवून ठेवायचा, तो थेट नववर्षालाच उघडायचा. आता दुकानात ढीग असतो, तरी त्यांचा डबा ऑक्टोबरातच येऊन बसला होता.

सॉसेजपाशी माझी गाडी अडली. मी मांस खात नाही. त्या सॉसेजचं नाव 'दोक्तोर्स्काया', म्हणजे डॉक्टरांचं. अशक्त माणसांना ताकद यावी म्हणून 1936 पासून ते बनवायला लागले. "औषधच आहे, खा," असा बाईंनी एकदा आग्रह केला. मग निमूटपणे माझ्यापुरतं एक वाडगं वेगळं काढलं आणि त्यात एक अंडं जास्त घातलं.

मेयोनीज आयत्या वेळी घालायचं, म्हणून चिरलेलं सगळं मोठ्या एनॅमलच्या पातेल्यात झाकून ठेवलं. चार माणसांसाठी इतकं? फ्रिजमध्ये जागा नव्हती, पातेलं बाल्कनीत गेलं. बाहेर उणे 12. रात्री टीव्हीवर क्रेमलिनच्या घड्याळाचे बारा ठोके पडले, ग्लास किणकिणले, सगळ्यांनी ताटं भरून घेतली. तरी पातेलं अर्धं उरलंच.

1 जानेवारीला दुपारी उठले तर बाई बाल्कनीच्या दारात, अंगावर कोट, हातात मोठा चमचा. थेट पातेल्यातूनच खात होत्या. माझं वाडगं शेजारीच होतं. मीही चमचा घेऊन गेले. वरचा थर थंडीने कडक झालेला.

"खालून घे," त्या म्हणाल्या.