हेम्माडग्याच्या वाटेवर: गावाच्या रानाची शीव कशी मांडावी

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडून मणतुर्गे, शिरोली मागे टाकली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऐन, किंजळ, नाणा दाटायला लागतात. पावसाळ्यात हलात्रीच्या पुलावर पाणी चढलं की हाच रस्ता बंद होतो. म्हणून शीव फिरायला, म्हणजे वनहक्काच्या दाव्यासाठी गावाच्या रानाची हद्द पायी फिरून टिपायला यायचं तर दिवाळीनंतर यावं. कापणी-मळणी आटोपलेली असते, जाणती माणसं घरी सापडतात आणि गवत वाळून पायवाटा मोकळ्या झालेल्या असतात.

हेम्माडग्यापासून आत भीमगड अभयारण्य लागतं. ते २०११ साली जाहीर झालं. अभयारण्य आलं म्हणजे रानावरचे हक्क गेले, असं इथल्या वाड्यांवर सर्रास बोललं जातं, आणि हा समज लवकर पुसला जायला हवा. रानावर पिढ्यानपिढ्या जगणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. गावाला रानातून हलवायचं झालं तरी आधी हक्कांची नोंद पूर्ण व्हावी लागते आणि ग्रामसभेची लेखी संमती घ्यावी लागते.

या पट्ट्यात फिरताना आम्हाला एक गोष्ट सारखी खटकते. लोकांचा सगळा जीव घरामागच्या एक-दोन एकर अतिक्रमणाच्या दाव्यात अडकलेला असतो आणि अख्ख्या रानाचा सामूहिक दावा तसाच पडून राहतो. वास्तविक रान राखायचा, त्याचे नियम ठरवायचा आणि गौण वनोपजाच्या (बांबू, मध, शिकेकाई अशा रानमालाच्या) मालकीचा अधिकार सामूहिक दाव्यातूनच मिळतो. जमीन वनजमीनच राहते, ती विकता येत नाही. पण कारभार ग्रामसभेचा होतो. वनखात्याने १९९३ पासून गावोगाव केलेल्या ग्राम वन समित्यांशी याची गल्लत करू नये. त्या समितीत सचिव वनखात्याचाच वनपाल असतो.

पहिली ठेच लागते ती ग्रामसभेलाच. इथे एका ग्रामपंचायतीत अनेक गावं आणि वाड्या असतात. पंचायतीची एकच मोठी सभा घेऊन ठराव केला की पुढे तो टिकत नाही; सभा त्या त्या गावाची, वाडीची हवी. निम्मे प्रौढ हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. वाडीत १८० प्रौढ असतील तर ९० जण आणि त्यात किमान ३० बायका. दाव्यावर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकीही निम्मे समोर हवेत. तरणी पोरं गोव्यात नाहीतर बेळगावात कामाला असतात, म्हणून सभा चतुर्थीला किंवा शिमग्याला ठेवावी. एरवी सह्या गोळा करत दारोदार फिरावं लागतं, आणि अशा सह्या तपासणीत पकडल्या जातात.

याच सभेत १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची, त्यात एक तृतीयांश बायका. गावात अनुसूचित जमातीची घरं असतील तर समितीत त्यांचे दोन तृतीयांश सदस्य लागतात. बेळगाव जिल्ह्यातले सिद्दी २०२० पासून अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. कुणबी, मराठा, धनगर गवळी मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात, आणि त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रानाशी संबंध दाखवावा लागतो. हिशेब १३ डिसेंबर २००५ पासून मागे, म्हणजे १९३० पर्यंत जातो. नेमकी ती जमीन ७५ वर्षं कसत होतो, असं सिद्ध करायची गरज नाही. संबंध त्या भागातल्या रानाशी दाखवायचा. इथेच सर्वांत जास्त दावे फेटाळले जातात.

कागद कुठले? १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने सर्व्हे नकाशे आणि बंदोबस्ताच्या नोंदी उपयोगी पडतात. १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियरही पुरावा म्हणून चालतं. किमान दोन पुरावे लागतात, आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा त्यातला एक होऊ शकतो. तो घेताना मोघम लिहू नये. 'रानात जात होतो' याला किंमत नाही. राबासाठी (रोपाची जमीन भाजायला) टाळ, म्हणजे पानाच्या फांद्या, कुठल्या टेकाडावरून आणायचे, गुरं कुठल्या पाणवठ्यावर पाजायचे, शिकेकाई, मध, मुरगल (कोकम) कुठे गोळा करायचे, देवराई कोणत्या देवाची, मसणवट कुठे, हे जागेच्या नावासकट लिहावं. कचेरीचं काम कन्नडात चालतं, म्हणून जबाब मराठीत लिहून घ्यावा, वाचून दाखवावा आणि सोबत कन्नड प्रत जोडावी. जागांची नावं दोन्ही प्रतींत तंतोतंत एक असावीत. एकच नाला दोन नावांनी आला की चौकशी अडकते.

मग शीव फिरायची. सोबत दोन जाणती माणसं, एक मोबाईल आणि एक वही. नाल्याचा संगम, गडग्याचा कोपरा, शेंदूर लावलेला दगड, मोठं झाड अशा प्रत्येक खुणेपाशी थांबून अक्षांश-रेखांश आणि खुणेचं नाव टिपावं. दाट झाडीखाली मोबाईलवर दिसणारी जागा बरीच सरकते, म्हणून एका जागी तीन-चार मिनिटं उभं राहून आकडा स्थिरावू द्यावा. शेजारच्या गावाचे पंच या फेरीत हवेतच. दोन्ही गावं एकच चराई वापरत असतील तर ओढून-ताणून रेष मारू नये. तेवढा भाग सामायिक दाखवून दोन्ही गावांनी ठराव द्यावेत. वनहक्क समिती जागेवर तपासणी करणार तो दिवस वनखात्याला आणि महसूल खात्याला आधी लेखी कळवावा आणि पोच जपून ठेवावी.

सामूहिक हक्कांसाठी नमुना 'ब', रान राखण्याच्या हक्कासाठी नमुना 'क'. दोन्ही भरावेत. नुसता 'ब' भरून थांबलेली गावं वनोपज, चराई अशा वापराच्या हक्कांपुरतीच राहतात. दावा उपविभागीय समितीकडून जिल्हा समितीकडे जातो. नकार आला तर कारण लेखी मागावं. अपिलाला ६० दिवस असतात.

हक्क मिळाल्यावरचं काम बांबूच्या बेटांपाशी दिसतं. मेसाचं (इथल्या एका जातीच्या बांबूचं) बेट तोडताना तीन वर्षांपुढचेच बांबू घ्यायचे. कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी आणि पेरांवर पापुद्रे असतात. जून बांबू गुळगुळीत, फिकट पडलेला असतो. जून बांबू बहुतेक बेटाच्या आत असतात, म्हणून एका बाजूने वाट करून घोड्याच्या नालाच्या आकारात आत शिरायचं. तोड जमिनीपासून वीतभर, पेराच्या लगेच वर. कमरेइतके उंच खुंट ठेवले तर बेट गच्च होतं, आणि नवे कोंब वाकडे वाढतात. जूनपासून पावसाळा सरेपर्यंत कोयता लावायचा नाही, कारण तेव्हा कोंब फुटत असतात.

मुरगलीचं दुखणं वेगळं. फळ पावसाच्या तोंडावर पिकतं, पावसात सापडलं तर ते चुलीवर वाळवायला लाकूड फार जातं, आणि घाईत लोक फांद्याच उतरवतात. ग्रामसभेने दोन नियम घालावेत: फळ वेचूनच आणायचं, आणि वाळवण चार-पाच घरांच्या सामायिक भट्टीवर करायचं.

माल बाहेर काढताना वाहतूक परवाना लागतो. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे तो ग्रामसभेने रान राखायला नेमलेली समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देऊ शकतो. पावतीपुस्तक अनुक्रमांकाचं छापून घ्यावं. प्रत्येक पावतीवर मालाचं नाव, नग किंवा वजन, कुठून कुठे, गाडीचा नंबर आणि तारीख असावी. एक प्रत गाडीबरोबर, एक वनखात्याला, एक गावात. नाक्यावर अडवलं तर ठरावाची साक्षांकित कन्नड प्रत ड्रायव्हरजवळ असलेली बरी.