लपण, वजन चार किलो दोनशे

मावशींनी माझा चिखल धुऊन टाकला.

त्यांचा काय दोष? गच्चीत दोरीवर बारदान लटकतंय, त्यावर वाळल्या चिखलाचे पापुद्रे धरलेत, म्हटल्यावर कामसू बाई दुसरं काय करणार? भिजवलं, घासलं, पिळलं, वाळत घातलं. दुपारची झोप काढून मी वर गेलो, तर बारदान नुकतंच वाण्याकडून आणल्यासारखं स्वच्छ. आणि चिखल तरी कुठला? थेट भिगवणचा. रंगाच्या रिकाम्या बादलीत भरून, गाडीच्या डिकीत वर्तमानपत्रं अंथरून पुण्याला आणलेला. तो पातळ करून दोन दिवस मी हाताने सारवत होतो. आजी शेणाने अंगण सारवायची तसा, अर्धगोल.

त्यात पावडर कपडे उजळवणारी. पक्ष्यांना आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात. म्हणजे ज्याच्याखाली दडून मला बदकं बघायची होती, ते बारदान आता उजनी धरणाच्या काठावर ट्यूबलाइटसारखं पेटलेलं दिसणार. हे मावशींना कसं सांगायचं? मी म्हणालो, "छान निघालंय."

हे सगळं भाच्यामुळे. तो फार्गोला असतो, नॉर्थ डकोटात. ऑक्टोबरात त्याने एक व्हिडिओ पाठवला. मका काढून नेलेलं शेत, जेमतेम उजाडतंय, चहूकडे नुसती धसकटं. मध्ये दोनेक डझन बदकं बसलेली. ती प्लॅस्टिकची, हे नंतर कळलं. एवढ्यात आभाळातून खरी बदकं पंख वाकवून खाली उतरू लागतात आणि जमिनीला दारं फुटतात. दोन झडपा उघडून त्याच्या ऑफिसातला एक गोरा गृहस्थ भुईतून उठून बसतो. माझ्या हातातला चहा सांडला.

त्या वस्तूला 'लेआउट ब्लाइंड' म्हणतात. आपलं लपणच, म्हणजे पाखरांना दिसू नये म्हणून दडायची जागा, पण झोपायचं. अॅल्युमिनियमची चौकट, वर जाड मळकट कापड, पाठ किंचित उचललेली, पाय लांब, तोंडावर जाळी. कापडावर जागोजागी पट्ट्या शिवलेल्या असतात, त्यांत ज्या शेतात झोपायचं त्याच शेताचं पाचट खोचायचं. लपणाची उंची जेमतेम गुडघ्याएवढी, कारण उंच वस्तूची सावली लांब पडते आणि बदकाला आधी सावली दिसते. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. दोन-तीनशे डॉलर मोजून कोरं करकरीत लपण आणायचं आणि पहिल्याच दिवशी त्याला चिखलाने माखायचं. कापडाची चमक मारायची. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या आपल्या लोकांना हे पटायला जड जाईल.

भाचा स्वतः बंदूक उचलत नाही, ओझं उचलतो. रस्त्यापासून आत अंधारात अर्धा मैल चालायचं, म्हणून वजनावर त्याचं फार लक्ष. तरी शिकाऱ्यांना लागतो तो पंचवीस डॉलरचा बदक-स्टॅम्प त्याने हौसेने घेतला. त्यातल्या दर डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागा राखायला जातात म्हणे. १९३४ मधल्या पहिल्या स्टॅम्पचं चित्र डिंग डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराने काढलं होतं. बंदुकीत तीनच काडतुसं, शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद, हेही त्याने मला असं बजावून सांगितलं की जणू उद्या मीच निघणार आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि हळूहळू तो विषयच मिटला. मला बदक मारायचं नव्हतं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्याला बघायचं होतं. त्यासाठी चिखलात आडवं व्हावं लागतं. साठीनंतर आडवं होणं एवढी एकच गोष्ट मला उत्तम जमते.

लपण्याचं वेड जुनं आहे. सोलापूरकडचं आमचं गाव, शाळवाची रानं. सुगीत खळ्यावर कडब्याचं बुचाड लागलं की पेंढ्या सारून मी आत शिरायचो. आत ऊब, नाकात धूळ, मानेवर पाचटाची कुसळं, आणि फटीतून दिसणारं वीतभर खळं. त्या वीतभरात चिमण्या यायच्या, होले यायचे. एकदा मुंगूस आलं आणि माझ्याकडे बघून, ओळखीचं कुणी नाही अशा थाटात, निघून गेलं. चिमण्या मात्र मी आत असलो की उडायच्याच. आबांना विचारलं. ते गोफणीची वादी वळत बसले होते. म्हणाले, "आंग न्हाय दिसत पाखराला. तुझं डोळं दिसत्यात. डोळं झाक." डोळे झाकले तर बघायचं कसं? यावर आबा हसले आणि पुन्हा वादी वळू लागले. त्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. नॉर्थ डकोटातल्या लोकांनी तोंडावर जाळी घेतली, एवढीच काय ती प्रगती.

तेव्हा कायदा यायचा होता. हिप्परग्याच्या तलावावर कधीमधी शहरातून जीप यायची, पहाटे ठो-ठो आवाज यायचे. पाणकणसात सापडलेलं एक लाल काडतूस माझ्या कंपासपेटीत चौथीपर्यंत होतं. त्याला जळका वास होता. भूमितीच्या तासाला मी तो हुंगायचो.

असो. लपण. विकत आणायचं तर किमतीपेक्षा पाठवणावळ जास्त, म्हणून मीच करायला घेतलं. पहिली चौकट लोखंडी पाइपची केली. रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन भरलं साडेअकरा किलो. रद्दीवाला लगेच भाव सांगू लागला. दुसरी चौकट अर्ध्या इंची पीव्हीसीची, एल्बो आणि टी वापरून, सुटी करून पिशवीत भरता येईल अशी. तिच्यावर नर्सरीवाले लावतात ते शेडनेट, त्यावर दाभणाने शिवलेलं बारदान, पाचट खोचायला सुतळीचे फास. आत जुनी योगा मॅट. तिचा शेवटी काहीतरी उपयोग झाला. पुन्हा काटा. चार किलो दोनशे. ते घेऊन मी जिना एका दमात चढलो आणि दिवाणखान्यात सगळं मांडून आत झोपून दाखवलं. छातीवर दोन झडपा ओढून घेतल्या. वरून हिचा आवाज आला, "अहो, याला अजून वेळ आहे."

तर ते धुतलेलं बारदान. पुन्हा चिखल आणायला भिगवणला गेलो आणि मग विचार केला, इथंच सारवू की, बादली हवी कशाला? ही अक्कल आधी आली असती तर मावशींचे श्रम वाचले असते.

जानेवारीअखेरची पहाट. कुंभारगावच्या बाजूला पाणी थोडं मागे सरकलेलं, काठावर मऊ काळी दलदल. अंधारात चौकट जोडली, काठावरचंच वाळकं गवत फासांत खोचलं आणि आत सरकलो. थंडी खालून येते, हे व्हिडिओत कळत नाही. उजाडता उजाडता पाण्यावरून चक्रवाकांचा तो नाकातला आवाज आला. तीसेक पावलांवर नारिंगी रंगाचे सात जण उतरले. कवी म्हणतात ही जोडपी रात्री ताटातूट होऊन रडतात. हे तर सकाळी सकाळी एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. मागे थापटे बदकं फावड्यासारख्या चोचींनी पाणी गाळत गोल फिरत होती. त्यातला एक चक्रवाक चालत चालत माझ्याकडे आला, दहा पावलांवर थांबला, मान तिरकी केली. मला आबा आठवले. मी डोळे झाकले.

ते उघडले तेव्हा कुणीतरी मला वल्ह्याने ढोसत होतं.

"पाव्हणं! ओ पाव्हणं! जित्तं हाय न्हवं?"

ऊन चांगलं वर आलं होतं. झडपा उघडून मी उठून बसलो, तसा तो माणूस दोन हात मागे उडाला. पन्नाशीपुढचा असेल, अंगात हाफ स्वेटर, मागे होडीत जाळं. मी घोरत होतो, त्यामुळे आधी त्याला वाटलं कुत्रं अडकलंय. मी घाईघाईने सगळं सांगितलं: लपण, बदकं, फार्गो. त्याने लपणाला हात लावून बघितला, चौकट उचलून बघितली. "हलकंय," म्हणाला. एवढी दाद घरी कुणी दिली नव्हती.

चक्रवाक अजून बसलेले होते. इथल्या पक्ष्यांना होडीची सवय आहे.

"ती तांबडी बसल्यात न्हवं," तो वल्ह्याने दाखवत म्हणाला, "तिथनं आत धा-पंधरा पावलं. तिथं आमचं खळं हुतं. म्होरं पांद, आन पांदीला लागून घर. धरणाचं पानी आलं तवा मी धा वर्साचा."

उजनी पुरी झाली १९८० ला. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्याचं वय बरोबर पन्नाशीपुढचं निघालं. काय बोलावं ते सुचेना. उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ पाण्याबाहेर येतं ते बघायला आम्ही पुण्याहून गाड्या काढून येतो. खळं बाहेर आलेलं कोण बघणार?

"ह्यात झोपून नीट दिसतंय व्हय?" त्याने विचारलं.

"बघा की."

त्याने चपला काढल्या. माझ्या योगा मॅटवर चिखलाचे पाय लागू नयेत म्हणून ते गुडघ्यापाशी दुमडून आत सरकला आणि दोन्ही झडपा स्वतःच ओढून घेतल्या. मी बाजूला उभा होतो, आणि उभा माणूस दिसला की पक्षी थांबत नाहीत. सातही चक्रवाक ओरडत उठले आणि पलीकडच्या काठाला गेले. पाणी रिकामं झालं.

मी सांगणार होतो की आता काही नाही बघण्यासारखं, या बाहेर. पण बारदान जराही हललं नाही. तो आत बराच वेळ तसाच पडून राहिला.