हिरव्या काचेचा क्रूस

जर्मनीतील बाडेन भागातल्या एका वस्तुसंग्रहालयात मी धातू आणि मीनाकामाच्या वस्तूंची संवर्धक म्हणून काम करते. एका प्रदर्शनाच्या तयारीत ‘झेरिंगेन सिंहाची ऑर्डर’ या राजसन्मानाचा नाइट (सरदार) दर्जाचा क्रूस माझ्याकडे तपासणीसाठी आला. सोबतच्या जुन्या नोंदीत ‘हिरवा मीना, स्थिती उत्तम’ एवढेच लिहिले होते. दुपारपर्यंत ही दोन्ही विधाने निकालात निघाली.

मुळात या क्रुसाचा हिरवा रंग मीन्याचा नसतोच. जर्मन संस्थानांच्या बहुतेक क्रुसांवर धातूच्या पत्र्यावर भट्टीत वितळवून चढवलेला मीना असतो. येथे मात्र हिरव्या पारदर्शक काचेचे बाहू रत्नासारखे सोन्याच्या कोंदणात जडवतात आणि बाहूंमधल्या जागा सोन्याच्या नक्षीने सांधतात. मधल्या चकतीवर फ्रायबुर्गजवळच्या झेरिंगेन किल्ल्याचे भग्नावशेष रंगवलेले असतात, तर मागच्या बाजूस सिंह असतो.

गौरवचिन्हावर पडका किल्ला का, याचे उत्तर स्थापनेच्या काळात सापडते. बाडेनला ग्रँड डचीचा, म्हणजे राजाहून एक पायरी खालच्या ग्रँड ड्यूकच्या राज्याचा, दर्जा 1806 साली नेपोलियनच्या कृपेने मिळाला आणि त्याच वर्षी त्याची दत्तक कन्या स्टेफनी युवराज कार्लची पत्नी झाली. गादीवर आल्यावर कार्लने 26 डिसेंबर 1812 रोजी, म्हणजे तिच्या नामदिनी (तिचे नाव ज्या संतावरून आले त्याच्या सणादिवशी), ही ऑर्डर स्थापन केली. रशियात गेलेल्या बाडेनच्या फौजेची वाताहत त्याच सुमारास चालू होती. झेरिंगेनच्या ड्यूकांची शाखा 1218 मध्ये पाचव्या बर्टोल्डबरोबर खुंटली होती, पण बाडेनचे राजघराणे त्याच कुळातले असल्यामुळे नव्या पदवीला त्या भग्नावशेषांतून सहाशे वर्षांचे मूळ मिळाले. मीठ नेपोलियनचे आणि नाव पूर्वजांचे, ही निवड मला अत्यंत धूर्त वाटते.

क्रुसाच्या मागून दिवा लावला तेव्हा तीन बाहू उजळले आणि काचेतले बारीक बुडबुडे दिसले. चौथा बाहू गढूळच राहिला. अतिनील प्रकाशात तो निळसर पांढरा चमकू लागला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कडेला कोंदणावर ओघळलेला हिरवा थेंब सापडला. तो एपॉक्सी या कृत्रिम, घट्ट होणाऱ्या राळेचा होता. ही राळ 1940 च्या दशकात बाजारात आली, तर ऑर्डर 1918 साली राजेशाहीबरोबर संपली. म्हणजे ही डागडुजी संस्थान बुडाल्यानंतरची, आणि माझ्या मते विक्रीपूर्वी व्यंग झाकण्यासाठी कुणी तरी केलेली.

विभागप्रमुख बाईंना तेथे नवी काच बसवून हवी होती. मी विरोध केला, कारण राळ काढायची तर सोन्याची कड उघडावी लागेल, आणि द्रावकाने फुगलेली राळ शेजारच्या चकतीवर दाब देईल; त्या चकतीवरचे चित्र नखाएवढे असून एकदा तडकले की पूर्ववत होत नाही. बराच वाद झाल्यावर त्यांनी माझे म्हणणे मान्य केले. मी फक्त सुटलेली कड स्थिर केली, ओघळ तसाच ठेवला आणि नोंदीत ‘काच, खालचा बाहू नंतरचा, राळेचा’ अशी दुरुस्ती केली. प्रदर्शनात क्रूस मागून प्रकाश देऊन मांडावा, हा आग्रह मात्र त्यांचाच होता, आणि तो योग्य होता.