एक्केचाळीस मिनिटांचा फरक

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात सहायक प्राध्यापकाची एक पूर्णवेळ जागा भरायची होती. मुलाखती जुलैत होत्या, आणि नाशिकमध्ये त्या दिवशी सकाळपासून पाऊस धरून होता. कळवण, मालेगाव, नांदगाव, धुळे, जळगावहून उमेदवार येणार होते. त्यातले दोघे ठक्कर बाजार बसस्थानकावर उतरून भिजतच आले. बोलावले होते आठ, आले सहा. माझ्याकडे दोन कामं होती. सकाळी कागदपत्रांची पडताळणी करायची, दुपारी डेमोसाठी, म्हणजे शिकवून दाखवण्यासाठी, प्रयोगशाळा मांडायची.

कागदपत्रांचं आधी सांगतो, कारण चांगल्या उमेदवाराचं नुकसान बहुतेक वेळा इथंच होतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी छाननीचा १०० गुणांचा तक्ता आहे. पदवीला ८० टक्के किंवा जास्त असतील तर २१ गुण, ६० ते ८० मध्ये १९, ५५ ते ६० मध्ये १६. पदव्युत्तरला ८०च्या वर २५, ६० ते ८० मध्ये २३. पीएचडीला २५, नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा जेआरएफ या संशोधनवृत्तीसह असेल तर १०, नुसती नेट असेल तर ८, सेट या राज्य पातळीवरच्या परीक्षेला ५. शोधनिबंधांना प्रत्येकी २, जास्तीत जास्त ६. अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाला नेट किंवा सेट ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. पण तक्त्यात पीएचडीचं वजन तेवढंच राहिलंय, त्यामुळे नुसत्या सेटवर आलेला उमेदवार छाननीत मागे पडतोच.

त्या दिवशी अडलं ते तीन ठिकाणी. एकाच्या गुणपत्रिकेवर नुसता सीजीपीए (श्रेणी-गुणांची सरासरी) होता, टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र नव्हतं. दुसऱ्याच्या अनुभवाच्या दाखल्यावर ‘तीन वर्षे काम केले’ एवढंच. कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर), विद्यापीठाची मान्यता होती का, यातलं काहीच नाही. तिसऱ्याने शोधनिबंधांची फक्त पहिली पानं जोडली होती आणि त्यावर नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक दिसत नव्हता. तासिका तत्त्वावरच्या अनुभवाला किती गुण द्यायचे, यावर छाननी समितीत वाद ठरलेला असतो. ज्यांच्याकडे त्या त्या वर्षाचं मान्यतापत्र आणि मानधनाची नोंद असते त्यांची बाजू टिकते, बाकीच्यांची नाही. तासिकेवर शिकवणाऱ्याने दरवर्षी एप्रिलमध्येच हे कागद मागून घ्यावेत. पाच वर्षांनी मागायला गेलं तर प्राचार्य बदललेले असतात आणि कारकुनाला जावक क्रमांक सापडत नाही.

पण हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते असतात, हे पुष्कळ उमेदवारांना ठाऊक नसतं. काही समिती सदस्यही ते विसरतात. नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की निवड केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर करायची. शिकवण्याची क्षमता पाहण्यासाठी वर्गात व्याख्यान घ्यायला लावण्याची मुभाही त्याच नियमावलीत आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं, आणि पदार्थविज्ञानात त्यातला मोठा वाटा प्रयोगशाळेत जातो. म्हणून आम्ही डेमोचे दोन भाग केले होते. आधी फळ्यावर दहा मिनिटं, मग द्वितीय वर्षाची चार मुलं सोबत घेऊन स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे प्रकाशाच्या रेषांचे कोन मोजायच्या यंत्रावर, पंधरा मिनिटं. गुणपत्रकावर पाच रकाने आखले होते, आणि चर्चा सुरू होण्याआधीच प्रत्येक सदस्याने आपलं पत्रक भरून सही करायची असं ठरलं होतं. असं ठरवलं नाही तर सगळ्यांत ज्येष्ठ सदस्य जे बोलतात त्याच दिशेने बाकीचे आकडे सरकतात.

प्रयोग नेहमीचाच होता. सोडियमचा दिवा, इंचाला १५,००० रेषांची ग्रेटिंग (जवळजवळ समांतर रेषा आखलेली पट्टी), एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) लघुत्तम माप असलेला स्पेक्ट्रोमीटर. दोन रेषांमधलं अंतर होतं १.६९३ मायक्रोमीटर. सोडियमच्या पिवळ्या जोडीची सरासरी तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर, म्हणजे पहिल्या क्रमाची रेषा, मधल्या सरळ प्रतिमेच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांत जवळ दिसणारी, २० अंश २२ मिनिटांवर यायला हवी. दुसऱ्या क्रमाची ४४ अंशांच्या जरा पुढे. तिसरा क्रम या ग्रेटिंगवर दिसतच नाही, कारण कोनाच्या साइनची किंमत एकच्या वर जाते.

मी त्यात मुद्दाम एक दोष ठेवला होता. ग्रेटिंग येणाऱ्या किरणांना काटकोनात नव्हती, ती जिच्यावर बसते ती चकती, म्हणजे प्रिझम टेबल, पाच अंश फिरवून घट्ट केलं होतं. डोळ्याला हे कळत नाही. डावीकडचं वाचन २० अंश ४८ मिनिटं येतं, उजवीकडचं २० अंश ७ मिनिटं. सरासरी काढली की तरंगलांबी येते साधारण ५९२ नॅनोमीटर. ही चूक अर्धा टक्कासुद्धा भरत नाही, आणि मुलांच्या कुठल्याही प्रयोगवहीत तिच्यावर ‘बरोबर’ची खूण पडेल. पण वाचनातल्या एका मिनिटाच्या चुकीने तरंगलांबी अर्ध्या नॅनोमीटरनेही बदलत नाही. इथं ती अडीचच्या वर सरकली होती. म्हणजे दोष वाचनात नसून मांडणीत होता. हे ज्याच्या लक्षात येतं त्याच्या हाताखाली मुलं मापन शिकतात. बाकीच्यांकडे ती उत्तर जुळवायला शिकतात.

फळ्यावरचा भाग लवकर उरकतो, कारण तिथल्या चुका ठरलेल्या असतात. एकजण पीएचडीच्या सादरीकरणाची ३४ स्लाइड्सची फाइल घेऊन आला होता आणि दहाव्या मिनिटाला पाचव्या स्लाइडवर होता. दोघांनी वर्गाकडे पाठ करून सूत्राची सिद्धता लिहिली. सिद्धता चोख होती, पण एकही आकडा घालून दाखवला नाही. आमच्याकडे सुरगाणा, पेठ, दिंडोरीची मुलं असतात. दहावीपर्यंत ती विज्ञान मराठीत शिकलेली असतात, अकरावीपासून शब्द इंग्रजीत ऐकतात, आणि ‘अपवर्तन’ (रिफ्रॅक्शन) व ‘विवर्तन’ (डिफ्रॅक्शन) एकमेकांत मिसळून जातात. शिकवताना एकदा तरी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून फरक सांगावा लागतो. तो सहापैकी दोघांनीच सांगितला.

मुलाखतीला दुसऱ्या क्रमांकाने आलेले उमेदवार छाननीत सगळ्यांत वर होते. पदवी ८२ टक्के, पीएचडी, नेट, तीन शोधनिबंध, एक वर्षाचा अनुभव, मिळून ८५ गुण. स्पेक्ट्रोमीटर त्यांनी सराईतपणे हाताळला. दोन्ही बाजूंची वाचनं घेतली, दोन्ही व्हर्नियर (कोन मोजायच्या बारीक पट्ट्या) वाचले, सरासरी काढली आणि मुलांना म्हणाले, “अर्ध्या टक्क्याच्या आतली चूक प्रयोगात चालते.” मुलांनी मान डोलावली. दुर्बिणीला डोळा लावायची पाळी मात्र एकाही मुलावर आली नाही.

चौथ्या क्रमांकाच्या मॅडम आत आल्या आणि वीज गेली. जनरेटर कार्यालयापुरता होता, प्रयोगशाळेची लाइन त्यावर नव्हती. सात-आठ मिनिटांनी वीज आली, पण तोवर दिवा गार झालेला. सोडियमचा दिवा लावल्या लावल्या पिवळा होत नाही. आत सुरुवातीसाठी निऑन भरलेला असतो. आधी तो तांबूस गुलाबी पेटतो, मग सोडियम तापून त्याची वाफ होते, आणि पूर्ण पिवळा प्रकाश यायला आठ-दहा मिनिटं जातात. विद्यापीठाकडून आलेले एक तज्ज्ञ म्हणाले, “थांबा मॅडम, दिवा तयार होऊ द्या.”

त्या म्हणाल्या, “सर, चालेल तर आताच सुरू करते. दुर्बिणीला दिवा लागत नाही.”

त्यांनी एका मुलाला आधी नेत्रिका पुढेमागे करून क्रॉसवायर (दुर्बिणीतली तारांची फुली) स्पष्ट करायला लावली. मग दुर्बीण खिडकीबाहेर रोखून समोरच्या टाकीवरची शिडी स्पष्ट दिसेपर्यंत फिरवायला सांगितली. दुर्बीण दूरच्या वस्तूवर बसली म्हणजे ती समांतर किरणांसाठी तयार झाली, आता तिचा स्क्रू कुणी हलवायचा नाही, पुढे जे काही स्पष्ट करायचं ते कोलिमेटरनं, म्हणजे दिव्याकडच्या नळीनं. हा क्रम उलटा झाला की स्लिट (त्या नळीच्या तोंडाची फट) सुबक दिसते, पण किरण समांतर नसतात. मग दोष कुठे आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

तोवर दिवा तांबूसच होता. त्यांनी दुसऱ्या मुलीला ग्रेटिंगमधून बघायला सांगितलं. एका पिवळ्या रेषेऐवजी तिला नारिंगी-लाल रेषांची रांग दिसली. मॅडमनी या निऑनच्या रेषा आहेत एवढंच सांगितलं आणि विचारलं, “कुठली रेषा मधल्या सरळ प्रतिमेपासून जास्त लांब आहे?”

“लाल,” ती म्हणाली. आणि क्षणभर थांबून, “पण मॅडम, प्रिझममध्ये जांभळा जास्त वळतो ना? लाल सगळ्यात कमी.”

हा प्रश्न दरवर्षी एखाद्या मुलाच्या मनात येतो, आणि पिवळा दिवा असला की विचारायची संधीच येत नाही, कारण दिसायला एकच रंग असतो. मॅडमनी उत्तर दिलं नाही. ग्रेटिंगचं समीकरण फळ्यावर लिहिलं आणि मुलीलाच ६४० आणि ५८९ नॅनोमीटर घालून कोन काढायला लावले. पहिला कोन २२ अंशांच्या वर आला, दुसरा २० अंशांच्या. मग थोडक्यात सांगितलं: प्रिझममध्ये काचेचा अपवर्तनांक जांभळ्यासाठी जास्त असतो म्हणून जांभळा जास्त वळतो, ते अपवर्तन. इथे पाठोपाठच्या फटींमधून येणाऱ्या लहरींचा पथफरक एका पूर्ण तरंगलांबीएवढा झाला की प्रकाश वाढतो, लांब तरंगाला त्यासाठी जास्त कोन लागतो, हे विवर्तन. दोन्ही शब्द मराठीत आणि इंग्रजीत शेजारी शेजारी लिहिले. एव्हाना दिवा पिवळा झाला होता.

मग वाचनं. डावीकडे २० अंश ४८, उजवीकडे २० अंश ७. मुलगा लगेच सरासरी काढायला लागला. मॅडम म्हणाल्या, “थांब. दोन्ही बाजू सारख्या असायला नकोत का? एक्केचाळीस मिनिटांचा फरक आहे आणि आपलं यंत्र एक मिनिट मोजतं.” मुलांनी तीन कारणं सुचवली: व्हर्नियर चुकीचा वाचला, स्लिट रुंद आहे, ग्रेटिंग वाकडी आहे. पहिल्या दोन कारणांनी एवढा फरक का पडणार नाही हे त्यांनी मुलांकडूनच काढून घेतलं. तिसऱ्यासाठी दुर्बीण सरळ प्रतिमेपासून ९० अंश फिरवून घट्ट केली. टेबल फिरवत ग्रेटिंगवरून परावर्तित झालेली स्लिटची प्रतिमा क्रॉसवायरवर आणली. आता ग्रेटिंग येणाऱ्या किरणांशी ४५ अंशांत होती. तिथून टेबल आणखी ४५ अंश फिरवलं, रेषांची बाजू कोलिमेटरच्या उलट दिशेला राहील हे पाहून टेबल पक्कं केलं. पुन्हा वाचन घेतलं, आणि दोन्हीकडे २० अंश २२ आले. वाचनं मुलांनी घेतली. मॅडमनी यंत्राला हात लावला तो टेबल घट्ट करताना, एकदाच.

छाननीत त्यांचे गुण होते ५४. पदवीला ५८ टक्के, पदव्युत्तरला ६१, सेट, आणि मान्यतापत्रांसह पाच वर्षांचा तासिका तत्त्वावरचा अनुभव. पीएचडी सुरू होती, पूर्ण झालेली नव्हती.

समितीत अर्धा तास वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. एका सदस्यांचा मुद्दा रास्त होता: वीज गेल्यामुळे या उमेदवाराला वेगळी परिस्थिती मिळाली, तांबूस दिव्याने त्यांना प्रश्न आयता दिला, आणि वेळही वाढली. दुसऱ्यांना काळजी होती की ८५ गुणांचा पीएचडीधारक मागे ठेवला तर तक्रार होईल. पहिल्या मुद्द्यावर ठरलं ते असं: गेलेली वीज आणि वाढवून दिलेली दहा मिनिटं इतिवृत्तात वेळेसह नोंदवायची, आणि गुण फक्त सगळ्यांना समान असलेल्या दोषाच्या शोधावर आणि मुलांना कामाला लावण्यावर धरायचे, निऑनच्या भागावर नाही. दुसऱ्या मुद्द्यावर नियमावलीतलं ते वाक्य वाचून दाखवलं. मग सही केलेली पत्रकं उघडली. निऑनच्या भागाचे गुण वगळूनही पाच सदस्यांच्या पत्रकावर चौथा क्रमांक वर होता, एकाच्या पत्रकावर दुसरा. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला प्रतीक्षायादीत ठेवलं.

माझं स्वतःचं मत विचारलं तर पहिला आक्षेप मला अजूनही पटतो. पुढच्या वेळी दिव्यासाठी वेगळा इन्व्हर्टर लावायचा, आणि डेमो यंत्रावर होणार आहे हे मुलाखतीच्या पत्रातच लिहायचं, असं आम्ही ठरवलं. ज्या उमेदवाराने तीन-चार वर्षं फक्त संशोधनाची प्रयोगशाळा पाहिली आहे, त्याला निदान पंधरा दिवस आधी पदवीचे नेहमीचे प्रयोग, म्हणजे स्पेक्ट्रोमीटर, न्यूटनची वलयं आणि कॅरी फॉस्टरचा पूल, पुन्हा हाताळता यायला हवेत. ते त्याच्यावर अन्याय न करण्यापुरतं तरी आवश्यक आहे.

संध्याकाळी शिपाई मामा प्रयोगशाळा बंद करायला आले तेव्हा मुलांनी वाचनं लिहिलेला कागद तिथंच पडला होता. वर खोडलेली सरासरी, खाली दोन सारखे कोन, आणि कोपऱ्यात त्या मुलीने लिहिलेलं ‘लाल लांब’. इतिवृत्ताला जोडपत्र क्रमांक सहा म्हणून तो लावला.